तारेतून आलेला इक्वलायझर

बीडमधल्या सिमेंटच्या खोलीत संबळ आणि तुणतुणं रेकॉर्ड करून गोंधळाचं गाणं मिक्स करायला बसणाऱ्यापुढे आज संगणकावर शेकडो प्लगइन उभे असतात. इक्वलायझर निवडताना बरेच जण त्याचं रूपडंच पाहतात: जुन्या यंत्राची निळी पट्टी, काळ्या गोल खुंट्या, झालंच तर नाव मोठं. पण कुळाकडे पाहायचंच असेल तर पुरतं पाहावं. हे कूळ स्टुडिओतलं नाही, टेलिफोनच्या तारेतलं आहे. लांब तारेतून जाताना आवाजातल्या वरच्या लहरी खालच्यांपेक्षा जास्त झिजत; व्यंजनं पुसट होत, बोलणं गढूळ होई. ही तूट भरून काढायला कॉइल आणि कपॅसिटरची जोडणी आली. बोलपट आणि रेडिओने पुढे तीच उचलली. जन्माने हा गडी दुरुस्तीचा, नटवण्याचा नव्हे.

नटवणं नंतर आलं. १९५१च्या सुमारास निघालेल्या पल्टेक यंत्रात खालचे सूर चढवायची एक खुंटी आणि उतरवायची दुसरी. दोन्ही एकदम फिरवू नका, असं माहितीपत्रक सांगे. रेकॉर्डिंगवाल्यांनी नेमकं तेच केलं आणि त्यातून निघणाऱ्या वळणाच्या प्रेमात पडले. १९७२मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला: कुठे, किती आणि केवढ्या रुंदीत, हे तिन्ही हाती आलं. १९९२मध्ये वेव्हज कंपनीचा क्यू१० इक्वलायझर संगणकावर आला, १९९६मध्ये स्टाइनबर्गने प्लगइन जोडायची व्हीएसटी ही पद्धत आणली, आणि यंत्राचं सॉफ्टवेअर झालं.

मॅसेनबर्ग यांच्या त्या तीन गोष्टी जुळल्या, की साध्या डिजिटल इक्वलायझरांत फरक उरतो किती? अशा दोन इक्वलायझरांवर हुबेहूब तेच वळण बसवा, एकाचा आवाज उलटा करून दुसऱ्यात मिसळा. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. अगदी वरच्या टोकाला थोडं उरतं, आणि सगळ्या लहरींना सारखाच उशीर करणारे लिनियर फेजवाले वेगळे पडतात, एवढंच. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा रीइक्यू म्हणूनच कमअस्सल ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, पल्टेकची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्ये व्हॉल्व्हचा रंग असतो. असतो की! पण तो रंग म्हणजे इफेक्ट; हवा असेल तर इफेक्ट म्हणूनच घ्यावा. खुंट्या समोर असल्या की हात वेगळा चालतो, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. फक्त दोन खुंट्यांनी भागणारं काम असेल तर तसाच प्लगइन घ्यावा.

संबळाला बहुधा तेवढ्याने भागत नाही. लहान भांड्यावरचा काठीचा टणका तुणतुण्याच्या तारेला झाकतो. तिथे अरुंद पट्टीत थोडं कापावं लागतं. मोठ्या भांड्याचा घुमारा राखून त्याखालची पंख्याची घरघर काढायची, तर उताराचा फिल्टर हवा. खोलीचा घुमका आवाजात मुरला असेल, तर इक्वलायझर फार तर त्याचा रंग बदलेल. घुमका टाळायचा तर रेकॉर्डिंगच्या आधीच भिंतींवर जाड वाकळा टांगाव्या लागतात.