पहिल्या ५१२ बाइटांचा इतिहास: एका संगणकात दोन प्रणाली कशा नांदू लागल्या



महासंगणकांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये ८३७ टेराफ्लॉप्स क्षमतेच्या ‘परम शिवाय’चे उद्घाटन झाले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ राष्ट्राला अर्पण झाले. या सर्वांमागे पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही संस्था आहे, याचा मराठी वाचकाला विशेष आनंद होतो. अशा बातम्यांत वेगाचा आकडा असतो, खर्चाचाही असतो. पण या यंत्रांवर काम करायचे तर लिनक्स यावे लागते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी प्रचालन प्रणालीच उरलेली नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांनी उद्या या यंत्रांवर काम करायचे, त्यांच्या घरी लॅपटॉप असलाच तर तो बहुधा विंडोजचा असतो.

ही दरी कशी ओलांडली जाते, त्याचा हा इतिहास.

मी गंगेच्या पूर्व तीरावर, रामनगरात राहते. सामनेघाटचा पूल ओलांडला की पलीकडे विद्यापीठाचा परिसर. काही आठवड्यांपूर्वी शेजारची मुलगी आपला जुना लॅपटॉप घेऊन आली. ती भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी तिला लिनक्स हवे होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर तिच्या यंत्रात नाही. तरीही विंडोज पुसून चालणार नव्हते. शिष्यवृत्तीची कागदपत्रे त्यात होती आणि वडिलांच्या दुकानाचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला जातो ते केवळ विंडोजवर चालते. दुसरा लॅपटॉप घेण्याचा प्रश्नच नव्हता. तिने एकच विचारले, “दीदी, कुछ मिटेगा तो नहीं?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे तर तीन प्रचालन प्रणाली घोषित झाल्या होत्या: पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम. पीसी-डॉसची किंमत सुमारे ४० डॉलर होती आणि सीपी/एम-८६ ची २४०. स्पर्धेचा निकाल त्या किमतींतच बराचसा लिहिलेला होता. पण त्या दिवशी तो कोणालाच ठाऊक नव्हता. यंत्र एकाचे आणि त्यावरील प्रणाली दुसऱ्याची, ही कल्पना त्या काळी अगदी स्वाभाविक होती. फ्लॉपी बदलली की प्रणाली बदले.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा ‘पीसी-एक्सटी’ आला आणि त्याबरोबर १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली. ही डिस्क फ्लॉपीसारखी काढून दुसरी घालता येत नव्हती. दोन प्रणालींना राहायचे तर आता एकाच घरात भिंत घालणे भाग होते. त्यासाठी जी व्यवस्था ठरली ती इतकी छोटी आहे की तिचे संपूर्ण वर्णन एका परिच्छेदात मावते.

संगणकाला वीज मिळाली की त्याच्या स्मृतीत कोणतीही प्रणाली नसते. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम कोरलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे बायॉस, डिस्कचा पहिला खंड उचलतो. हा खंड ५१२ बाइटांचा. त्यातील पहिल्या ४४६ बाइटांत पुढचे पाऊल कोणते हे सांगणारा प्रोग्राम. नंतरच्या ६४ बाइटांत चार ओळींचा तक्ता. प्रत्येक ओळ १६ बाइटांची आणि प्रत्येक ओळीत डिस्कच्या एका विभागाची सुरुवात, लांबी व प्रकार. शेवटचे दोन बाइट ही खूण, की हा खंड सुरुवातीसाठी खरोखर वापरण्याजोगा आहे. चारपैकी एका ओळीवर ‘सक्रिय’ अशी निशाणी असते आणि त्या विभागातील प्रणाली जागी होते.

त्या वेळच्या डॉसला स्वतःसाठी एकच ओळ पुरत असे. उरलेल्या तीन ओळी इतरांसाठी मोकळ्या होत्या, आणि ‘इतर’ ही केवळ कल्पना नव्हती; १९८४ मध्ये खुद्द आयबीएमनेच एक्सटीसाठी पीसी/आयएक्स नावाचे युनिक्स बाजारात आणले. सात-बाराच्या उताऱ्यावर अनेक खातेदारांची नावे लागावीत तशी ही व्यवस्था होती. यंत्र कोणत्याही एका प्रणालीचे नाही, हे तिने चौसष्ट बाइटांत मान्य केले होते.

या मोकळ्या ओळींचा सर्वांत मोठा लाभार्थी आठ वर्षांनी आला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या आरंभी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स ही शिकण्यासाठी बनवलेली प्रणाली बसवली. त्याच डिस्कवर त्याची स्वतःची प्रणाली आकार घेऊ लागली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ती जगाला कळवली. पुढे एकदा मोडेमला पाठवायची आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कच्या नावे लिहिली आणि मिनिक्सचा विभाग बिघडून गेला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने पूर्णतः लिनक्सवरच राहायचे ठरवले. दोन प्रणालींच्या सहवासातील एक अपघात लिनक्सच्या पायाशी आहे, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

आता प्रश्न उरला निवडीचा. दर वेळी ‘सक्रिय’ ओळ बदलत बसणे त्रासाचे होते. वेर्नर आल्मेस्बर्गर यांनी १९९२ पासून विकसित केलेल्या लिलो या प्रोग्रामने यंत्र सुरू होताना विचारायला सुरुवात केली: कोणती प्रणाली हवी? लिलोला फाइलींची रचना कळत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमका कुठे आहे, त्या जागांची यादीच तो लिहून ठेवी. गाभा बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचे राहिले, की यंत्र सुरू होत नसे. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब लिहिला. तो फाइलव्यवस्था स्वतः वाचू शकत होता, त्यामुळे जागा बदलली तरी फाइल नावाने शोधून काढी. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर दिसणारी ती काळी यादी त्याच ग्रबच्या वंशातली.

भारतात हा इतिहास टपालाने आणि मासिकांबरोबर पोहोचला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’सारख्या मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येत. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी मागवल्या तर विनामूल्य घरपोच मिळत. तेव्हा इंटरनेट मंद आणि महाग होते. सातशे मेगाबाइट उतरवून घेणे हे रात्रभराचे, कधी अनेक रात्रींचे काम होते. घरात एकच संगणक, तोही वडिलांच्या कामाचा आणि भावंडांच्या खेळाचा. अशा घरांतील मुलांनी लिनक्स शिकले ते त्या चार ओळींतील एक ओळ मिळाली म्हणून. पुढे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. चेन्नईच्या सी-डॅकने ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली घडवली. परंतु या सर्वांच्या आधी, ज्या यंत्रावर घराचे काम चालते ते न मोडता दुसरे काही शिकता येते, ही शक्यता आवश्यक होती. गरीब देशातील विज्ञानशिक्षणासाठी ही शक्यता एखाद्या प्रयोगशाळेइतकीच मोलाची आहे.

माझाही त्यात एक धडा आहे. डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षी नवी प्रणाली बसवताना रात्री दीड वाजता मी विभागांच्या यादीत चुकीची ओळ निवडली. तक्ता नव्याने लिहिला गेला आणि तीन आठवड्यांची मोजमापे दिसेनाशी झाली. नंतर कळले, की तक्ता पुसला म्हणजे मजकूर पुसला असे नाही. सात-बारा फाटला तरी जमीन जागेवरच असते. विभागांच्या सीमा शोधून तक्ता पुन्हा उभा करता आला आणि बहुतेक मोजमापे परत मिळाली. सगळी नाही. चूक सर्वस्वी माझी होती, आणि प्रत घेऊन ठेवण्याची सवय मला त्या रात्रीने लावली.

सहजीवनातील दुसरी अडचण गमतीची आहे आणि ती भारतात विशेष जाणवते. १९८४ च्या ‘पीसी-एटी’पासून संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. डॉस आणि पुढे विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतात. युनिक्सच्या परंपरेतील लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. त्यामुळे विंडोजमध्ये सकाळचे दहा वाजलेले असताना यंत्र बंद करून लिनक्समध्ये गेले, तर ते साडेतीन वाजले असे सांगू शकते. फरक बरोबर साडेपाच तासांचा. भारतीय प्रमाणवेळेचे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त रामनगरच्या पश्चिमेस, मिर्झापूरजवळून जाते. आमच्या खऱ्या सूर्यवेळेत आणि घड्याळात त्यामुळे सरासरी दोनच मिनिटांचे अंतर. अशा गावात साडेपाच तासांची चूक व्हावी, हे जरा अतिच झाले!

येथे एका पूर्वसूरीची आठवण होते. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री एकोणिसाव्या शतकात काशीच्या संस्कृत महाविद्यालयात ज्योतिष व गणित शिकवीत. त्यांचे ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले, सिद्धांतग्रंथ आणि युरोपीय गणित, दोन्हींत त्यांची गती होती. एक पुसून दुसरे बसवायला हवे असे त्यांना वाटले नाही. मात्र कोणती संख्या कोणत्या पद्धतीतली, हे अशा माणसाला सतत जागेपणी ओळखावे लागते. आमच्या घड्याळाच्या तंट्याचे मूळ तेच आहे: संख्या एक, वाचणारे दोन, आणि आधार कोणता हे कोठेच लिहिलेले नाही.

इतिहासाचा पुढचा टप्पा अधिक गंभीर आहे. जुन्या तक्त्याला दोन टेराबाइटांपलीकडे मोजता येत नव्हते. बायॉसच्या जागी यूईएफआय आणि चार ओळींच्या जागी साधारणतः १२८ ओळींचा नवा तक्ता आला. जागा वाढली, पण त्याबरोबर दारावर पहारेकरीही आला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र पसरले. यंत्र सुरू होताना जो प्रोग्राम प्रथम चालतो त्यावर मान्य अंकीय स्वाक्षरी असलीच पाहिजे, हा त्याचा नियम. हेतू योग्य होता, कारण प्रणालीच्या आधी शिरणारा विषाणू प्रणालीला दिसतच नाही. परंतु बहुतेक यंत्रांत मान्य स्वाक्षरी मायक्रोसॉफ्टची. मॅथ्यू गॅरेट आदींनी ‘शिम’ हा छोटा, स्वाक्षरी मिळवलेला दुवा तयार केला आणि लिनक्सला दारातून आत येता आले.

ऑगस्ट २०२४ मध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. ग्रबमधील एका जुन्या दोषावर उपाय म्हणून विंडोजच्या अद्यतनाने जुने शिम अमान्य ठरवले. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. प्रत्यक्षात अशी अनेक यंत्रे ओळखलीच गेली नाहीत आणि त्यांवरील लिनक्स सुरू होईना. दोष खरा होता, उपायही आवश्यक होता. तरी एका घरातील एका भाडेकरूने कुलूप बदलले आणि दुसरा बाहेर राहिला, ही वस्तुस्थिती उरतेच. १९८३ मध्ये जो अधिकार चौसष्ट बाइटांत कोणालाही लिहिता येत होता, तो आज स्वाक्षऱ्यांच्या साखळीतून मिळतो. सुरक्षा हवी असेल तर साखळी हवीच. म्हणूनच तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे विज्ञानधोरणाचेही प्रश्नचिन्ह आहे.

शेजारच्या मुलीला मी हे सारे दोन संध्याकाळी सांगितले. मग काम सुरू केले, याच क्रमाने: सर्व फाइलींची बाह्य डिस्कवर प्रत. बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद, कारण त्यात विंडोज पूर्ण झोपत नाही आणि त्याच्या विभागात दुसऱ्याने लिहिले तर मजकूर बिघडतो. विंडोजचा विभाग खुद्द विंडोजमधूनच आक्रसून जागा मोकळी. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय व कीबोर्डची तपासणी. आणि शेवटी, दिवसाउजेडी, विभागांची यादी दोघींनी मोठ्याने वाचून मगच होकार.

यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा पडद्यावर दोन नावे होती. तिने आधी विंडोज निवडले, दुकानाचा हिशेब उघडला, शेवटची नोंद वडिलांना फोनवर वाचून दाखवली. ती जुळली. मग लिनक्समध्ये जाऊन तिने आपला पहिला प्रोग्राम चालवला आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहून हसू लागली. वेळ साडेपाच तासांनी पुढे होती. ती कोणत्या आज्ञेने सुधारायची हे मी सांगितले नाही. कारण तिला आता ठाऊक होते. आज्ञा तिनेच शोधली.