चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

आमच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात एका वर्षी मुलांनी चक्क समुद्र आणून ठेवला होता. काचेची पेटी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे पाणी, तळाला तिथलीच वाळू आणि ओहोटीच्या डबक्यात सापडलेले दोन चिमुकले मासे. पहिल्या दिवशी पेटीभोवती गर्दी मावेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पोट वर करून तरंगत होते. "पण सर, पाणी तर समुद्राचेच होते!" एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. आम्हाला उत्तर देता आले नाही. मास्तराला उत्तर न येणे ही मोठी लाजेची गोष्ट; म्हणून पुस्तके काढून बसलो, आणि पाहतो तो काय, हाच प्रश्न मोठमोठ्या शहाण्यांनाही छळून गेलेला!

१८४६ साली अॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाणी शिळे झाले की ते मरणार, हे त्यांनी ओळखले. मग त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, म्हणजे त्यात हवा मिसळे. प्रवाळ जगले ते त्या बाईच्या मनगटांवर. पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने दाखवून दिले की, मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर पाणी बराच काळ बदलावे लागत नाही. वनस्पती माशांना प्राणवायू देते, गोगलगाय कुजकी पाने खाते. तीन वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि विलायतेत घरोघर काचेच्या पेट्यांचे वेड पसरले. वेड लवकर ओसरले, कारण बहुतेकांचे मासे आमच्या मुलांच्या माशांसारखेच मेले.

आता मिठाचा हिशेब. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले. त्यांतले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. समुद्र कमीजास्त खारट असेल, पण त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखे, असे त्यांना आढळले. खुल्या समुद्रात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार. पेटीत मात्र हा आकडा रोज चढतो. का, ते वसईच्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडच्या मिठागरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केले. ऊन पाणी नेते, मीठ मागे राहते. म्हणून आटलेल्या पेटीत खारे पाणी भरले की मिठागरच होत जाते. भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची, तीही रोज थोडी थोडी.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. समुद्र तिथून रस्त्यापलीकडेच. तरी आमच्या किनाऱ्यांचे पाणी पावसाळ्यात किती गढूळ नि फिके होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कळेल की शेजारी समुद्र असला म्हणजे काम सोपे झाले असे नव्हे.

मासे मेले ते मात्र मिठाने नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या खाण्यातून अमोनिया होतो आणि तो विषारी. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्याचा फडशा पाडणारे सूक्ष्मजंतू वेगळे काढून दाखवले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी त्याचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करते. नव्या पेटीत या दोन्ही जातींना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तीन दिवससुद्धा दिले नाहीत! जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली. त्यात समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि पाणी, बस्स. गाळणीचे काम दगडांवरच्या वस्तीनेच केले.

सर्वांत गंमत वाटली ती प्रवाळाच्या घराची. ते चुनखडीचे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पेटीतले प्रवाळ ते भराभर संपवतात, आणि पाण्याचा सामू सावरून धरणारे क्षारही त्यासोबत जातात. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात यावर उपाय रूढ केला. कोणता म्हणाल? चुन्याची निवळी! आमची आजी विड्याच्या डबीतला चुना भिजवून, वरचे निवळ पाणी आम्हा पोरांना हाडे बळकट व्हावीत म्हणून चमचाभर पाजायची, तीच. ही निवळी रात्री थेंबथेंब सोडतात, कारण अंधारात शेवाळाचे काम थांबते आणि सामू उतरतो. एकदम ओतली तर तो भलताच चढतो आणि सगळाच खेळ आटोपतो. आजीचाही चमचा एकच असे.

प्रवाळाचा हा खटाटोप आम्ही वाचण्यापुरताच ठेवला. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि मालवणच्या समुद्रातले प्रवाळ तिथेच शोभतात.

पुढच्या प्रदर्शनात पेटी पुन्हा मांडली. शेवाळ धरलेले चार दगड, बुडबुड्यांची नळी, रोज चिमूटभर खाद्य आणि शेजारी तारीखवार नोंदींची वही. मासे नाहीत म्हणून पालक हसले. एका गृहस्थांनी विचारलेच, "अहो, यात पाहायचे काय?" तीच मुलगी वहीतले पान उलटत म्हणाली, "काका, अजून अठरा दिवस आहेत."