पुन्हा बसण्याचे वर्ष : महाड-पोलादपूर आणि वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा

वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याने पुन्हा परीक्षेला बसावे की मिळेल तो अभ्यासक्रम धरावा, हा प्रश्न रायगडच्या दक्षिणेकडील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत दर उन्हाळ्याच्या शेवटी घराघरांत निघतो. बोलणे सुरू होते ते गुणांवरून आणि जिद्दीवरून. मात्र पुन्हा बसणे कितपत शहाणपणाचे, हे त्या त्या काळात प्रवेशाच्या नियमांनीच बरेचसे ठरवले आहे. कोणती परीक्षा धरायची, जागा कोणत्या प्रदेशाला राखायच्या आणि हुकलेल्याला दुसरी कोणती वाट मोकळी आहे, या तीन गोष्टी बदलल्या की त्या एका वर्षाची किंमतही बदलत गेली.

दोन वाटांचा काळ

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर मॅट्रिकची परीक्षा आली. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. ज्या परीक्षेत सहांतला एकच पार पडतो, तिला पुन्हा बसणे ओघानेच आले. महाड तेव्हा सावित्रीकाठचे व्यापारी बंदर होते आणि मुंबईशी त्याचा संबंध मुख्यतः जलमार्गाने होता. डॉक्टर व्हायचे तर मुंबई किंवा पुणे गाठण्यावाचून इलाज नव्हता.

त्या काळी डॉक्टर होण्याच्या वाटा मात्र दोन होत्या. विद्यापीठाची पदवी ही एक आणि तुलनेने स्वस्त व आटोपशीर अशी परवानाधारकाची दुसरी. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ चे. मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ मध्ये स्थापन झाल्यावर ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरे दवाखान्यांच्या पाट्यांवर सर्रास दिसू लागली. पदवीपर्यंत न पोहोचलेला विद्यार्थी ही पात्रता मिळवून तालुक्याच्या गावी रीतसर ॲलोपॅथीचा दवाखाना थाटू शकत असे. त्यामुळे पदवीच्या वाटेवर एकदा अडखळलेल्याला तिथेच धडका देत बसण्याची गरज नसे.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. परवान्याचे अभ्यासक्रम बंद होत गेले आणि पुण्याच्या बी. जे. स्कूलचे १९४६ मध्येच महाविद्यालय झाले. शिक्षणाचा दर्जा एकसारखा करणे हा हेतू होता. पण ॲलोपॅथीची वाट यापुढे एकच उरली आणि ती हुकणे पूर्वीपेक्षा महाग झाले. आजच्या ‘रिपीटर’चे मूळ या बदलात आहे.

इंटर सायन्स आणि बारावीचे गुण

स्वातंत्र्यानंतर प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर होत. १९७० च्या दशकात दहावी-बारावीची रचना आली, तेव्हा त्यांची जागा बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या गुणांनी घेतली. पुन्हा बसायचे म्हणजे तीच वार्षिक परीक्षा पुन्हा द्यायची. पुस्तके तीच, अभ्यासक्रम तोच. खर्च पडे तो मुख्यतः वर्षाचा आणि त्या वर्षात न झालेल्या कमाईचा.

महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले आणि महाविद्यालयीन शिक्षण एसटीच्या टप्प्यात आले. पोलादपूरहून महाड सुमारे २० किलोमीटर. पण कामथे, उमरठ किंवा ढवळ्याच्या खोऱ्यातल्या वाडीवरून आधी पोलादपूर गाठावे लागे आणि पावसाळ्यात तेच अवघड होते. अनेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत किंवा गोदीत होता आणि गावचा खर्च मनीऑर्डरीवर चाले. लालबाग-परळकडच्या गावकीच्या खोलीत दहा-वीस जणांबरोबर मुलाच्या वळकटीचीही सोय होई, पण अभ्यासाला जिन्याखालचा दिवा शोधावा लागे. अशा घरात आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक वर्ष न कमावणारा माणूस. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर तेवढेही अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले.

याच काळात महाडच्या ग्रामीण आरोग्यसेवेचे नाव जगभर गेले. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मूळचे जालना जिल्ह्यातले आणि एमबीबीएस नागपूरचे. महाडला लौकिक मिळवून देणारे हे काम बाहेरून आलेल्या डॉक्टरने केले होते. इथल्या मुलांसाठी संपूर्ण कोकणात तेव्हा एकही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते.

प्रदेशाचे गणित

जागा कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या, हा या काळातला कळीचा मुद्दा होता. राज्यात एका विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला त्याच क्षेत्रातल्या महाविद्यालयांची वाट मोकळी असे. निदामर्ती महेशकुमार खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सरसकट राखीव व्यवस्था घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली, पण ७० टक्क्यांपर्यंत जागा प्रदेशासाठी ठेवण्यास मुभा दिली. राज्याच्या ७०:३० सूत्राचा पाया तो. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग धरले गेले.

मराठवाडा आणि विदर्भातल्या विद्यार्थ्याची मुख्य स्पर्धा आपल्याच भागाशी होती. महाड-पोलादपूरची मुले मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात आणि नंतर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडत. त्यांच्या रांगेत मुंबई, पुणे आणि नाशिकची नामांकित महाविद्यालये होती. ग्रँट, जी. एस., नायर आणि शीव इथल्या जागा कागदावर जवळच्या; प्रत्यक्षात त्यांच्यासाठी दादर-पार्ल्याच्या मुलांशी गाठ होती. 

१९८० च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली. लोणी आणि कराडची १९८४ मधली, कामोठ्याचे १९८९ मधले. देणगीची चर्चा इतकी वाढली की १९८७ मध्ये राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. ज्या घरात पैसा होता त्याला पुन्हा बसण्याला पर्याय मिळाला. मनीऑर्डरीवरच्या घराला तो मिळाला नाही.

सीईटीची १७ वर्षे

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झाले. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली. मूळ स्वरूपात ती २०० गुणांची होती: भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५०, जीवशास्त्र १००. भर बारावीच्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होता.

पुन्हा बसण्याचा अर्थ इथे बदलला. बारावीचा निकाल जसाच्या तसा ठेवून फक्त सीईटी पुन्हा देता येऊ लागली. वर्षभर एकाच पेपरची तयारी करण्याची ही सोय होती आणि तिच्याभोवती शिकवणीचा धंदा उभा राहिला. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांमुळे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ वैद्यकीयच्या तयारीशी जोडला गेला. कोकणातून लातूरला जाणे म्हणजे पनवेल किंवा पुण्यामार्गे रात्रीचा प्रवास, खोली आणि मेस. १९९३ मध्ये कोकण रेल्वे महाडजवळच्या वीरपर्यंत आली आणि पनवेल-मुंबईच्या क्लासला जाणे सुसह्य झाले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पगारदार झालेल्या घरांना हा खर्च झेपू लागला, पोलादपूरच्या वाडीवरच्या घराला नाही. एकाच सीईटीने दोन तालुक्यांत दोन वेगळ्या हिशेबांना जागा केली.

नीट : एक परीक्षा, तीन वर्षांचा गोंधळ

राष्ट्रीय पातळीवर १५ टक्के जागांसाठी एआयपीएमटी १९८८ पासून होत होती. सर्वांसाठी एकच परीक्षा, म्हणजे नीट, पहिल्यांदा ५ मे २०१३ ला झाली. १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि ११ एप्रिल २०१६ ला तोच निकाल मागे घेतला. २८ एप्रिलच्या आदेशाने १ मे आणि २४ जुलै अशा दोन टप्प्यांत नीट ठरली. ५ मे रोजी राज्याची सीईटीही झाली. २४ मेच्या अध्यादेशाने राज्यांना त्या वर्षापुरती सवलत दिली. २०१६ मध्ये पुन्हा बसलेल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर नेमकी कोणती परीक्षा मोजणार हेच ठाऊक नव्हते. २०१७ पासून राज्यात वैद्यकीयसाठी नीट हाच मार्ग उरला आणि त्याच वर्षी ती मराठीतून देण्याची सोय झाली.

अभ्यासक्रमही पसरला. नीटमध्ये अकरावी आणि बारावी दोन्ही येतात आणि पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आहे. राज्य मंडळाची अकरावी ढिलाईने काढलेल्याला ती पुन्हा वाचावी लागते, त्यामुळे पुनरावृत्तीचे वर्ष खऱ्या अर्थाने भरलेले असते. गुणदानही वेगळे. १८० प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, एकूण ७२०; चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. बरोबर आणि चूक यांत ५ गुणांचे अंतर पडते, कारण मिळू शकणारे ४ जातात आणि वर १ कापला जातो. अंदाजाने ठोकलेली वीस उत्तरे चुकली तर हातातले २० गुण जातात. त्यामुळे हुकलेला विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका काढून बसला की पहिली मोजणी असते ती चुकांची आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची. कोरे जास्त असतील तर अभ्यास अपुरा, चुका जास्त असतील तर घाई किंवा अर्धवट आकलन. या दोन्हींवरचे उपाय निराळे असतात.

गुणांची तुलना वर्षावर्षांत करता येत नाही, हेही नीटने शिकवले. खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइल. ती २०२३ मध्ये १३७ गुणांवर, २०२४ मध्ये सुधारित निकालात १६२ वर आणि २०२५ मध्ये १४४ वर होती. पेपर सोपा निघाला की सगळ्यांचे गुण फुगतात आणि मागल्या वर्षीपेक्षा ४० गुण जास्त मिळवूनही क्रमांक घसरू शकतो. त्यामुळे निर्णयाचा आधार अखिल भारतीय क्रमांक आणि राज्याच्या यादीतले स्थान हाच असावा लागतो. शिवाय २०१५ ची एआयपीएमटी रद्द होऊन २५ जुलैला पुन्हा झाली आणि २०२४ मध्ये वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ जणांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. परीक्षेवरचा विश्वास हाही हिशेबातला एक घटक बनला.

प्रयत्नांची मर्यादा आणि गावचे संकट

२०१७ च्या सुरुवातीला नीटला तीनच प्रयत्नांची अट आली, पण टिकली नाही. मार्च २०२२ मध्ये कमाल वयाची अटही उठली. कायद्याने आता कितीही वेळा बसता येते. थांबण्याची वेळ घरानेच ठरवायची असते.

या तालुक्यांत त्यात निसर्गाची भर पडते. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुराखाली गेले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्या वर्षीची नीट मुळात १ ऑगस्टला होती. पुराच्या दहा दिवस आधी ती १२ सप्टेंबरला पुढे ढकलल्याचे जाहीर झाले होते. मूळ तारीख राहिली असती तर पूर ओसरल्यावर दहा दिवसांत पेपर द्यावा लागला असता. अशा वर्षाच्या गुणांवरून विद्यार्थ्याची कुवत ठरवणे योग्य नव्हे, आणि पुन्हा बसण्यामागे ते रास्त कारण ठरू शकते.

जवळ आलेल्या जागा

सप्टेंबर २०२० मध्ये ७०:३० सूत्र रद्द होऊन राज्याची गुणवत्ता यादी एक झाली. दुसरीकडे कोकणात जागा वाढल्या. अलिबाग आणि सिंधुदुर्ग इथे २०२१-२२ पासून, तर रत्नागिरीला २०२३-२४ पासून प्रत्येकी १०० जागांची सरकारी महाविद्यालये सुरू झाली. त्याआधी २०१५ मध्ये चिपळूणजवळ डेरवणला खासगी महाविद्यालय निघाले होते. अंतर घटल्याने राहण्याचा खर्च घटतो. यादीतले स्थान मात्र त्याने वर सरकत नाही.

बीएएमएस, बीएचएमएस आणि बीडीएस याही नीटच्याच गुणांवर मिळतात. एकेकाळी एल.सी.पी.एस. जे काम करी, ते आज बऱ्याच अंशी बीएएमएस करते: एमबीबीएस हुकलेल्याला तालुक्यात दवाखाना काढण्याइतपत पात्रता. परदेशी एमबीबीएससाठीही २०१८ पासून नीट पात्रता लागते.

एक वर्ष थांबायचे ठरले की कागदही वाढतात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट लागते, म्हणजे मधल्या काळात कुठल्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला नव्हता असे प्रतिज्ञापत्र. ते तहसील कचेरीच्या आवारात मुद्रांकावर टंकून घेतले जाते. राखीव गटातल्या विद्यार्थ्याला जातवैधता आणि उत्पन्नाचे दाखले वेळेत तयार ठेवावे लागतात. हे वर्ष त्या कामालाही वापरता येते, कारण पहिल्या वर्षी काहींची जागा गुणांपेक्षा दाखल्यापायी हुकलेली असते.

निर्णय एका दिवशी होत नाही. निकाल बहुधा जूनमध्ये लागतो, त्यानंतर अखिल भारतीय फेऱ्या, राज्याच्या फेऱ्या, मग आयुष अभ्यासक्रमांच्या फेऱ्या असे प्रवेश दिवाळीपर्यंत, कधी त्याहीपुढे चालतात. रिपीटरच्या बॅचेस मात्र जून-जुलैतच सुरू होतात आणि त्यांची फी आगाऊ भरावी लागते. पहिल्या फेरीत न लागलेली जागा शेवटच्या फेरीत लागल्याची उदाहरणे असतात. त्यामुळे अनुभवी घरे फेऱ्यांचे अर्ज चालू ठेवून अभ्यास सुरू करतात आणि अंतिम शब्द शेवटच्या फेरीनंतर देतात. क्रमांक मागल्या वर्षीच्या सरकारी कट-ऑफच्या किती जवळ होता, चुका कशाने झाल्या, वर्षाचा खर्च कर्जाविना झेपतो का, आणि पुढच्या वेळीही न जमल्यास कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, या चार प्रश्नांची उत्तरे तोवर हाती आलेली असतात.