काळी आणि पांढरी

१/४ जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग आढळतात : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा.

२/४ या विभागणीमागे मातीचा स्वभाव आहे. दख्खनची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती पिकाला ओल पुरवते. घराच्या भिंती मात्र तडकवते. पांढरी माती तितकी हलत नाही. म्हणून भिंती आणि धाबी तिचीच.

३/४ अनेक गावांची पांढरी शतकानुशतकांची राख, शेण व पडक्या भिंतींची माती साचून तयार झाली. तेर येथील अशाच टेकाडांत सातवाहनकालीन अवशेष सापडले.

४/४ परंतु हीच माती शेताला खत म्हणून उपयोगी. त्यामुळे कित्येक टेकाडे उकरली गेली. पांढरीतला इतिहास काळीत मिसळला. त्याचे थर आता वाचता येत नाहीत.