मोबाईल कव्हर सैल होतं, मग पाण्याचा पाईप ५० वर्षं कसा टिकेल?

नवीन सिलिकॉन कव्हर घालताना नखं तुटायची वेळ येते. वर्षभराने तेच कव्हर फोन खिशातून काढताना हातात निघून येतं. कुठे फाटलेलं नाही, तुटलेलं नाही, फक्त सैल झालंय. कव्हर पिवळं पडतं ते वेगळं, त्याला उजेड आणि उष्णता जबाबदार. सैल पडण्यामागे मात्र सतत राहिलेला ताण आहे. प्लॅस्टिकवर ताण कायम ठेवला की ते सावकाश वाढत राहतं. याला क्रीप म्हणतात. कव्हरसारखी वस्तू ताणून तशीच धरून ठेवली, तर तिची पकड हळूहळू ढिली होते. हा क्रीपचाच सख्खा भाऊ.

मी हे का शोधत बसलो? गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत नळाच्या लाईनसाठी चर खणला होता आणि कडेला काळ्या पाईपची वेटोळी पडली होती. कोणीतरी म्हणालं, "हा पाईप ५० वर्षं जातोय." घराघरात नळ देणारी जलजीवन मिशन योजना २०१९ ला जाहीर झाली. मग ५० वर्षं कुणी मोजली? वर्षभरात कव्हर सैल होतं आणि पाईप माझ्या म्हातारपणापर्यंत टिकणार, हे काही पटेना.

आधी घरच्या घरी क्रीप बघा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिची इंचभर रुंद पट्टी कापा, कडा साफ ठेवा. वर चिमट्याने टांगा, खाली अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा, मागे पट्टी (मोजायची) लावा. आता फोनने फोटो काढा: १ मिनिटाने, १० मिनिटांनी, १०० मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी. माझी पट्टी आधी झटकन वाढली, मग वेग कमी कमी होत गेला, पण थांबली नाही. १ ते १० मिनिटांत दिसली तशीच वाढ पुन्हा दिसायला १०० मिनिटं लागली. म्हणूनच या विषयातले आलेख साध्या तासांत काढत नाहीत, दहापटींच्या पायऱ्यांत काढतात.

असं होतं कारण प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता, ताटातल्या शेवयांसारखा. ओढत राहिलं की साखळ्या एकमेकींवरून सरकतात. लोखंडातही क्रीप होतो, पण त्यासाठी साधारण ४०० अंशांच्या पुढची उष्णता लागते. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने आपली खोलीसुद्धा गरमच.

आता पाईप. त्यावर छापलेलं वाचा: आयएस ४९८४, पीई १००, पीएन १०. यातलं १०० म्हणजे २० अंश तापमानात ५० वर्षं सतत दाब सोसूनही पाईपची भिंत किमान १० मेगापास्कल ताण पेलेल असा अंदाज. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० किलो. हेच प्लॅस्टिक आज ओढून तोडायला गेलात तर २० च्या वर निघतं. काळच निम्म्याहून जास्त ताकद खातो. शिवाय या १० ला १.२५ ने भागून ८ च वापरतात.

पण ५० वर्षं थांबून कोण बघणार? जर्मनीतल्या होक्स्ट कंपनीने १९५६ मध्ये पाईपवर दाब देऊन चाचणी सुरू केली आणि ती खरंच ५० वर्षांवर चालली. बाकीच्यांनी वेगळा रस्ता धरला: पाईप गरम करायचा. उष्णतेत साखळ्या भराभर सरकतात, म्हणजे काळ फास्ट फॉरवर्ड होतो. २०, ६०, ८० अंशांच्या पाण्यात पाईप दाबाखाली ठेवतात, फुटेपर्यंत. काही चाचण्या ९,००० तासांच्या, म्हणजे वर्षाच्या, पुढे नेतात. मग आयएसओ ९०८० नावाच्या पद्धतीने रेषा ४,३८,००० तासांपर्यंत, म्हणजे ५० वर्षांपर्यंत वाढवतात. तीसुद्धा सरासरी धरून नाही. ९७.५ टक्के खात्रीची खालची बाजू धरतात.

गंमत अशी की ती रेषा सरळ जाईलच असं नाही. जास्त ताणात पाईप फुग्यासारखा फुगून फुटतो. कमी ताणात तो वर्षानुवर्षं ठीक दिसतो, आत मात्र केसाएवढी चीर पुढे सरकत असते. तिथे रेषा गुडघ्यासारखी वाकते आणि आयुष्य अंदाजापेक्षा खूप आधी संपतं. ८० अंशांत हा गुडघा लवकर दिसतो. त्यामुळे गरम पाण्यातली चाचणी नुसती वेळ वाचवायला नसते, पुढे लपलेला धोकाही ती दाखवते. जुन्या प्लॅस्टिकमध्ये हा वाक मोठी डोकेदुखी होता.

दुसरा मुद्दा आपल्या उन्हाचा. २० अंशांना पाईप १० किलोचा असेल, तर ३० अंशांना त्याचा ८.७ आणि ४० ला ७.४ धरतात. म्हणून भारतात हिशोबच ३० अंशांचा करतात, तोही थोडा राखून. युरोपात पीई १०० चा ११० मिलिमीटरचा, १० किलोचा पाईप ६.६ मिलिमीटर जाड असतो, आपल्याकडे तोच साधारण ८ मिलिमीटर. गाडलेल्या लाईनला हे पुरतं. मोटरीपासून उसाच्या सरीपर्यंत जमिनीवर उघडा टाकलेला काळा पाईप एप्रिलमध्ये हात लावून बघा. त्याला ५० वर्षांचा आकडा लागू होत नाही. काळेपणा २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅकचा, तो ऊन आतल्या साखळ्यांपर्यंत जाऊ देत नाही, पण उष्णता कमी करत नाही.

आणि चीर. पाईप दगडांवरून ओढला की ओरखडे पडतात आणि त्या चिरेला सुरुवात आयती मिळते. नियम सोपा: ओरखडा भिंतीच्या १० टक्क्यांहून खोल असेल तर तो तुकडा कापून टाकायचा. ८ मिलिमीटरच्या भिंतीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तुमच्या एटीएम कार्डाची जाडी. गल्लीत चर खणलेला दिसला तर खाली वाळू आहे की नुसते दगड, एवढं बघून या.