सदोष एअरबॅग आणि ‘रिकॉल’ : मोटारमालकांनी काय जाणून घ्यावे?

अपघातात जीव वाचविण्यासाठी बसविलेली वस्तूच जिवावर उठावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. जगभरातील लक्षावधी मोटारींच्या एअरबॅगबाबत नेमके हेच घडले. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे उद्‌भवलेली ‘रिकॉल’ मोहीम मोटार उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी मोहीम ठरली आणि तिची झळ भारतातील मोटारमालकांनाही पोहोचली. नाशिकसारख्या शहरात, जिथे मोटारी तयारही होतात आणि वापरलेल्या मोटारींची खरेदी-विक्रीही होते, तिथे या विषयाची नीट माहिती असणे अगत्याचे आहे.

‘रिकॉल’ म्हणजे काय?

विकल्या गेलेल्या मोटारींमध्ये सुरक्षिततेशी संबंधित दोष आढळल्यास उत्पादक कंपनी त्या विशिष्ट काळात तयार झालेल्या मोटारी तपासणीसाठी परत बोलावते आणि दोष असलेला भाग विनामूल्य बदलून देते. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. गाडी कायमची परत घेतली जाते, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा काही तासांत काम होऊन गाडी मालकाच्या ताब्यात येते.

नाशिकला हा शब्द अपरिचित नाही. महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या येथील कारखान्यात तयार होणाऱ्या ‘थार’ या गाडीच्या डिझेल इंजिनातील कॅमशाफ्टच्या तपासणीसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये १,५७७ गाड्या परत बोलावण्यात आल्या होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये, कारखान्यात आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनाची झीज होण्याची शक्यता लक्षात आल्यावर, २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात येथे तयार झालेल्या ६०० हून कमी डिझेल गाड्यांची तपासणी कंपनीने जाहीर केली. हे दोन्ही दोष इंजिनाचे होते, एअरबॅगचे नव्हते. पण अवघ्या बारा दिवसांचे उत्पादन नेमके वेगळे काढता येते ते कसे, हे या उदाहरणावरून समजते. प्रत्येक गाडीचा चासी क्रमांक आणि तिच्या निर्मितीची तारीख यांची नोंद कारखान्यात असते. ‘रिकॉल’ची सारी व्यवस्था या नोंदीवर उभी आहे.

दोष नेमका कोणता?

चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये, तर शेजारच्या प्रवाशाची डॅशबोर्डमध्ये दडविलेली असते. प्रवासी आणि डॅशबोर्ड यांतील अंतर जास्त असल्याने प्रवाशाची बॅग आकाराने मोठी असते. समोरून जोराची धडक बसताच संवेदकाकडून संदेश मिळतो, ‘इन्फ्लेटर’ नावाच्या धातूच्या डबीतील रसायन पेट घेते, त्यातून वायू निर्माण होतो आणि पापणी लवण्याच्या आत बॅग फुगते.

टकाटा कंपनीने या डबीत अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले होते. उष्णता आणि दमटपणा यांचा अनेक वर्षे मारा झाला, की या रसायनाच्या वड्या ठिसूळ होतात. अशी वडी पेटली की ती अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळते, दाब अनावर होतो आणि धातूची डबीच फुटते. तिचे तुकडे बॅग फाडून समोरच्या व्यक्तीच्या मानेत वा चेहऱ्यात घुसतात. किरकोळ धडकेतही जीव जाऊ शकतो, तो यामुळे.

अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरचा या मोहिमेत समावेश झाला. तेथील उष्ण व दमट राज्यांतील गाड्यांना प्राधान्य देण्यात आले. जानेवारी २०१७ मध्ये टकाटाने अमेरिकेत गुन्हा कबूल करून १ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

भारतातील मोहिमा

होंडा कंपनीने भारतात जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ मोटारी टकाटाच्या एअरबॅगसाठी परत बोलावल्या. त्यांत सिटी, जॅझ, अ‍ॅकॉर्ड आदी गाड्या होत्या. टोयोटाने २०१७ मध्ये कोरोला अल्टिसच्या २३,१५७ गाड्यांसाठी अशीच मोहीम राबविली. एअरबॅगचे सगळेच दोष टकाटाचे नसतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगच्या नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या. तेथे धोका उलट होता. बॅग फुटण्याची नव्हे, तर गरजेच्या क्षणी ती न उघडण्याची भीती होती.

दुसऱ्या मालकाची अडचण

कंपनीचे पत्र किंवा संदेश जातो तो तिच्या दप्तरी नोंदलेल्या मालकाला, म्हणजे पुष्कळदा पहिल्या खरेदीदाराला. दरम्यान गाडी दोनदा विकली गेलेली असते, पत्ता आणि मोबाईल क्रमांक बदललेला असतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत आठ-दहा वर्षे काढलेली गाडी नाशिककर खरेदी करतो, तेव्हा नोंदणी बदलते, पण इन्फ्लेटरने सोसलेली हवा बदलत नाही. नाशिकची हवा किनाऱ्याच्या मानाने कोरडी आहे, हा दिलासा अशा गाडीच्या बाबतीत पुरेसा नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याने टायर आणि इंजिन पाहावेच. त्याआधी तिची ‘रिकॉल’ची नोंद पाहावी.

कायदा काय सांगतो?

भारतात ‘रिकॉल’ पूर्वी ऐच्छिक होता. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यासाठी स्वेच्छा संहिता आणली. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ अन्वये कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम अमलात आले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास सरकार चौकशी करून सक्तीचा ‘रिकॉल’ लादू शकते. आदेश मोडणाऱ्या कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरते आहेत. टकाटाच्या इन्फ्लेटरचा धोका तर वयाबरोबर वाढतो. त्यामुळे जुन्या गाड्यांची भिस्त कंपनीच्या स्वेच्छेवर आणि मालकाच्या दक्षतेवरच राहते.

पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. जुन्या मॉडेलच्या नव्या गाड्यांना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत मुदत देण्यात आली. म्हणजेच प्रवाशाची एअरबॅग ही आता केवळ महागड्या गाड्यांची मिरास राहिलेली नाही.

मालकांनी काय करावे?

१. नोंदणी पुस्तिकेवरील १७ अक्षरी चासी क्रमांक पाहून ठेवावा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला, की गाडी मोहिमेत आहे किंवा नाही ते कळते. संकेतस्थळावर उलगडा न झाल्यास अधिकृत सेवा केंद्रात विचारावे.

२. काम विनामूल्य असते. झालेल्या कामाची लेखी नोंद, तारखेसह, मागून घ्यावी. गाडी विकताना ती नव्या मालकाला द्यावी.

३. गाडी सुरू करताना डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझला नाही, तर तपासणी करून घ्यावी. मात्र दिवा नीट आहे म्हणजे टकाटाचा दोष नाही, असे मानू नये. रसायनाचा ठिसूळपणा या दिव्याला कळत नाही.

४. एअरबॅगची वायर काढून ठेवणे किंवा जुन्या बाजारातून बॅग आणून बसविणे हे उपाय नव्हेत. भाग येईपर्यंत शक्यतो पुढच्या आसनावर प्रवासी बसवू नये.

५. प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती, मोबाईलचा स्टँड, अत्तराची बाटली चिकटवू नये. बॅग उघडताना ती वस्तू गोळीसारखी अंगावर येते.

६. सीटबेल्ट लावावाच. एअरबॅग त्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. लहान मुलांना मागेच बसवावे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला होता. निर्दोष एअरबॅगही लहान जिवाला झेपत नाही, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

दाद कुठे मागावी?

सेवा केंद्राने टाळाटाळ केल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येत असल्याने, मुंबईत घेतलेल्या गाडीसाठीही नाशिककराला मुंबई गाठावी लागत नाही.

‘रिकॉल’ जाहीर करणारी कंपनी वाईट आणि न करणारी चांगली, असा हिशेब मांडणे योग्य नाही. दोष कबूल करून तो सुधारणे हे जबाबदारीचेच लक्षण होय. पण कारखान्याने कितीही गाड्या बोलावल्या, तरी गाडी दारात उभीच राहिली तर त्या घोषणेचा उपयोग शून्य. चासी क्रमांक तपासायला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ प्रत्येक मोटारमालकाने आज काढावा.