हेकाते : उंबरठ्याची देवता

चेटूक, पिशाच्चे आणि मंत्रतंत्र यांवर रचलेल्या पाश्चात्त्य दूरचित्रवाणी-मालिकांत एका प्राचीन ग्रीक देवतेचे नाव वारंवार कानी पडते. ते नाव हेकाते. १९९७ ते २००३ या काळात प्रसारित झालेल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या अमेरिकन मालिकेत एका चेटकिणीची कन्या तिचे नाव घेऊन मंत्र टाकते व नायिकेचा उंदीर करून सोडते. 'चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना' या मालिकेच्या २०२० साली आलेल्या भागात तर शक्तिहीन झालेला चेटकिणींचा सारा समुदायच तिला शरण जातो. आमचे विद्यार्थी हे पाहतात आणि हेकाते म्हणजे चेटकिणींची देवी, असे समीकरण मनाशी बांधतात. हे समीकरण निराधार नाही. परंतु ते फार अपुरे आहे. ते असे अपुरे कसे होत गेले, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या देवतेचे सर्वांत जुने विस्तृत वर्णन हेसिअड कवीच्या 'थिऑगनी' या देववंशवर्णनपर काव्यात आढळते. हे काव्य इ. स. पू. ७०० च्या सुमाराचे मानतात. हेसिअडने तिच्यासाठी सुमारे चाळीस ओळी खर्ची घातल्या आहेत. पर्सीस व ॲस्टेरिया यांची ही कन्या. झ्यूसने जुन्या टायटन दैवतांचा पाडाव केला, तरी हिचे अधिकार काढून घेतले नाहीत. उलट पृथ्वी, समुद्र आणि आकाश या तिहींत तिला वाटा दिला. न्यायदान करणाऱ्या राजाच्या शेजारी ती बसते, सभेत व रणांगणावर यश देते, कोळ्याचे जाळे भरते, हर्मीसच्या साह्याने गुरांची खिल्लारे वाढविते आणि बालकांचे पालन करते. या साऱ्या वर्णनात चेटकाचा शब्दही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

होमरच्या 'इलियड' व 'ओडिसी' या दोन्ही महाकाव्यांत मात्र हेकातेचा उल्लेख नाही. यावरून ती मूळची ग्रीकांची नसावी, आशिया मायनरच्या नैर्ऋत्येकडील कॅरिया प्रांतातून आली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या प्रांतात लागिना येथे तिचे मोठे देवालय होते, आणि तेथील एका राजाचे, मॉसोलसच्या पित्याचे, हेकाटोम्नस हे नावही याच देवतेची आठवण देते. लागिनाचे आज दिसणारे अवशेष उत्तरकालीन असल्यामुळे हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही. तथापि तेथील एक विधी फार बोलका आहे. देवीची किल्ली वाजतगाजत मिरविण्याचा उत्सव तेथे होत असे, व ती किल्ली वाहण्याचा मान एका कुमारिकेकडे असे.

ही किल्ली हेच हेकातेच्या स्वरूपाचे मर्म होय, असे आम्हांस वाटते. ती मूलतः दारांची, वाटांची आणि संक्रमणाची देवता. अथेन्समध्ये घरांच्या दाराशी तिच्या मूर्ती असत. जेथे तीन वाटा मिळतात तेथे ती तीन दिशांना पाहत उभी राही. अशी त्रिमूर्ती प्रथम अल्कामेनीस या शिल्पकाराने घडविली, असे पॉसेनिअस हा प्रवासी नमूद करतो. डिमीटरच्या प्राचीन स्तोत्रात पाताळात ओढून नेलेल्या पर्सिफोनीचा आक्रोश हेकाते आपल्या गुहेतून ऐकते, हाती मशाल घेऊन शोकाकुल मातेस भेटते आणि पुढे त्या कन्येची सोबतीण होते. दोन जगांच्या सीमेवर वाट दाखविणारी, असे हे चित्र आहे.

महिनाअखेरच्या चंद्रहीन रात्री तिच्यासाठी तिठ्यावर अन्न ठेवीत. हे अन्न गोरगरीब उचलून नेत, असा चिमटा ॲरिस्टोफेनीसने आपल्या 'प्लुटस' या इ. स. पू. ३८८ च्या नाटकात घेतला आहे. आपल्याकडील अमावास्या, तिकाटणे आणि उतारा यांची आठवण वाचकांस येथे सहज होईल. परंतु साम्य म्हणजे संबंध नव्हे. वाटा जेथे फुटतात तेथे माणसाचे मन बिचकते, एवढेच या साम्यावरून सिद्ध होते.

मग चेटूक आले कोठून? जी देवता उंबरठ्यावर उभी, ती जिवंत आणि मृत यांच्या उंबरठ्यावरही उभी राहणारच. तिच्या मागे भुतांचा व कुत्र्यांचा मेळा आला. शत्रूस शाप देण्यासाठी शिशाच्या पत्र्यांवर लिहून पुरलेल्या मजकुरांत तिचे नाव आले. युरिपिडीसच्या इ. स. पू. ४३१ च्या नाटकात पतीने टाकलेली मीडीआ सूड घेताना आपल्या घरच्या हेकातेची शपथ वाहते. थिऑक्रिटसच्या काव्यातील सिमीथा ही प्रियकराने सोडलेली तरुणी. तीही रात्री याच देवीला हाक मारते. या दोघींस सभेत स्थान नव्हते आणि न्यायासनापुढे स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याची सोय नव्हती. हेसिअडची हेकाते राजाच्या न्यायासनाशेजारी बसत होती. जिला ते न्यायासन बंद होते, तिने त्याच देवीला अंधारात गाठले.

हा केवळ कविकल्पनेचा प्रश्न नव्हता. लेम्नॉसची थिओरिस नावाची स्त्री औषधी व मंत्र यांच्या आरोपावरून इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये आपल्या कुटुंबासह देहान्त शिक्षेस पात्र ठरली, असे डिमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या एका भाषणात म्हटले आहे. रंगभूमीवर जी भीती रस उत्पन्न करते, ती गावात माणसांचे प्राण घेते.

हेकातेची सात्त्विक बाजू तरीही लोपली नव्हती. इ. स. ३८४ च्या सुमारास रोममधील प्रतिष्ठित सरदार प्रेटेक्स्टॅटस वारला. त्याच्या स्मारकलेखात त्याची पत्नी पॉलिना हिने हेकातेच्या गूढविधींची दीक्षा घेतल्याचा उल्लेख अभिमानाने केलेला आहे. पुढे ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोशसच्या आज्ञांनी जुन्या देवतांची उपासना बंद पडली. देवळे गेली, किल्लीची मिरवणूक गेली, दारावरच्या मूर्ती गेल्या; उरले ते कवींचे शब्द, आणि त्यांत भयाचाच रंग गडद होता. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये ती चेटकिणींची स्वामिनी म्हणून अवतरते. तिचे ते प्रवेश टॉमस मिडलटनने मागाहून घातले असावेत, असे बहुतेक विद्वान मानतात. आजच्या मालिकांना मिळालेला वारसा बव्हंशी याच मार्गाने आलेला आहे.

म्हणून आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस एकच सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याने या मालिकांचा विषय काढल्यास त्यास गप्प बसवू नये. त्या मंत्राशेजारी हेसिअडच्या त्या चाळीस ओळी ठेवाव्यात, लागिनाची किल्ली दाखवावी, आणि थिओरिसचे नाव सांगण्यास विसरू नये.